‘टॉय स्टोरी’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मुलांना सिनेमे दाखवायचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. यादी दरवर्षी बदलते. ‘टॉय स्टोरी’ मात्र यादीतून हलत नाही, कारण मुलंच तो काढू देत नाहीत. पालक, आजी-आजोबा आणि खुद्द मुलं या सिनेमाबद्दल जे पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र केली आहेत. पुढे गोष्ट उघड होते, त्यामुळे सिनेमा पाहिला नसेल तर आधी तो पाहा आणि मग इकडे या.

एवढं काय आहे या सिनेमात?

संपूर्ण कॉम्प्युटरवर तयार झालेला हा जगातला पहिला पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट. बनवला पिक्सारने, वितरित केला डिस्नेने. दिग्दर्शक जॉन लॅसेटर. अमेरिकेत तो २२ नोव्हेंबर १९९५ रोजी प्रदर्शित झाला. लांबी ८१ मिनिटं. पण पाच वर्षांच्या पोराला ‘पहिला’ असण्याशी काय देणंघेणं? तरी ते जागचं हलत नाही.

त्याला धरून ठेवते ती गोष्ट. अँडी नावाच्या मुलाचं सगळ्यात लाडकं खेळणं म्हणजे वुडी, पाठीतली दोरी ओढली की बोलणारा कापडी काउबॉय. पलंगावरची जागा त्याची, खोलीतल्या खेळण्यांचा म्होरक्याही तोच. अँडीच्या वाढदिवसाला बझ लाइटइयर येतो. त्याला बटणं आहेत, दिवे आहेत, फटकन उघडणारे पंख आहेत. बघता बघता भिंतीवरची काउबॉयची चित्रं उतरतात, तिथे अंतराळवीर येतो, पलंगावरची चादरसुद्धा बदलते आणि वुडीची रवानगी खेळण्यांच्या पेटीत होते.

घरात दुसरं बाळ आलं की थोरल्याच्या मनात जे होतं, तेच हे. ज्या घरात नुकतंच बाळ आलंय तिथलं थोरलं पोर हा भाग किती गप्प होऊन बघतं, ते मी दरवर्षी पाहते. मोठ्यांनाही ते लागतं. ऑफिसात नवा, तरतरीत माणूस आला की आपली खुर्ची जरा हलल्यासारखी वाटते, तसं. माझ्या मते हा सिनेमा टिकला तो या एका भीतीमुळे. बाकीचं सगळं, अगदी कॉम्प्युटरसुद्धा, तिच्यामागे उभं आहे.

‘पहिला’ म्हणजे नक्की काय? आधी कॉम्प्युटर ॲनिमेशन नव्हतं का?

होतं की. १९७०च्या दशकापासून हॉलिवूडच्या सिनेमांत कॉम्प्युटरने तयार केलेले तुकडे यायला लागले होते. १९९०च्या सुमारास डिस्नेमध्ये हाताने काढलेली चित्रंही कॉम्प्युटरवर रंगवली जात होती. पण सगळी पात्रं, सगळ्या जागा, सगळा उजेड कॉम्प्युटरमध्येच घडवलाय आणि तेवढ्यावर पूर्ण सिनेमा उभा आहे, असं आधी कोणी केलं नव्हतं. १९९६ मध्ये आलेल्या ‘कॅसिओपिया’ या ब्राझीलच्या सिनेमासाठीही पहिलेपणाचा दावा केला जातो. ‘टॉय स्टोरी’त काही पात्रांचे मातीचे पुतळे करून ते कॉम्प्युटरमध्ये उतरवले होते, असा त्यामागचा युक्तिवाद. मला तो वाद महत्त्वाचा वाटत नाही. ‘टॉय स्टोरी’ आधी आला.

खेळण्यांचीच गोष्ट का निवडली?

हा माझा सर्वांत आवडता प्रश्न आहे, म्हणून उत्तर थोडं लांब.

त्या काळी कॉम्प्युटरने काहीही काढलं तरी ते प्लॅस्टिकचं दिसायचं. चकचकीत, गुळगुळीत, जरा कडक. माणसाची कातडी, मोकळे केस, अंगावर हलणारं कापड हे जमणं फार अवघड होतं. पिक्सारला हे अनुभवाने माहीत होतं. १९८८ मध्ये त्यांनी ‘टिन टॉय’ नावाची पाचेक मिनिटांची फिल्म केली होती. तिच्यात ढोल वाजवणारं एक पत्र्याचं खेळणं लाळ गाळणाऱ्या बाळापासून जीव मुठीत धरून पळतं. पत्र्याचं खेळणं झकास जमलं. बाळ मात्र बघवत नाही, त्याचा चेहरा आजही अंगावर येतो. तरी त्या फिल्मला ऑस्कर मिळालं, कॉम्प्युटर ॲनिमेशनला मिळालेलं पहिलंच. आणि पुढची दिशाही तिनेच दाखवली.

जे हुबेहूब जमत होतं त्याचीच त्यांनी गोष्ट केली. प्लॅस्टिकचा अंतराळवीर प्लॅस्टिकसारखा दिसला तर कोणाची तक्रार असणार? हिरवे सैनिक तर त्यांच्या पायाखालच्या चपट्या तुकड्यासकट, साच्यातून निघालेल्या प्लॅस्टिकच्या कडांसकट दिसतात. माणसं लागली तेव्हा कॅमेरा बराचसा खेळण्यांच्या उंचीवर ठेवला. त्यामुळे अँडीचे हात दिसतात, आईचे पाय दिसतात, चेहरे फार वेळ समोर राहत नाहीत. लहान मुलाला मोठी माणसं अशीच दिसतात, गुडघ्यापासून वर. सोय म्हणून घेतलेला हा कोन गोष्टीला इतका चपखल बसला की ती सोय होती हे पाहताना लक्षातही येत नाही.

सगळं कॉम्प्युटरनेच केलं, मग माणसांनी काय केलं?

हा प्रश्न मला खरोखर खटकतो, म्हणून आकडे देते. सिनेमात सेकंदाला २४ चित्रं असतात. ‘टॉय स्टोरी’त अशी १,१४,२४० चित्रं आहेत. पात्रं, रंग, सावल्या ठरल्या की त्या माहितीवरून प्रत्येक चित्र कॉम्प्युटरने पूर्ण तयार करायचं, याला रेंडरिंग म्हणतात. त्यासाठी ११७ कॉम्प्युटर रात्रंदिवस चालू होते. एका चित्राला ४५ मिनिटांपासून ३० तासांपर्यंत वेळ लागायचा. एकूण सुमारे ८ लाख तास. भागाकार केला तर एका चित्राला सरासरी ७ तास पडतात, आणि एकाच मशिनला हे काम दिलं असतं तर ते ९० वर्षांहून जास्त पुरलं असतं.

पण हे झालं मशिनचं काम. वुडीने भुवई कधी उचलायची हे मशिनला कळत नाही. वुडीच्या अंगात हालचालीचे ७२३ ताबे होते, म्हणजे ॲनिमेटरला ओढता-सोडता येतील असे धागे. कळसूत्री बाहुलीच्या दोऱ्या असतात ना, तसे. त्यांतले २१२ नुसत्या चेहऱ्याचे. हे ताबे क्षणाक्षणाला हलवणारे ॲनिमेटर होते फक्त २७. हिरवे सैनिक कसे चालतील हे कळेना, तेव्हा जुने बूट फळीला ठोकून, त्यात पाय घालून ही मंडळी स्वतः ऑफिसात चालून बघत होती. सैनिक एका बाजूला कलून पाऊल फेकतात, त्यांची ती अवघडलेली चाल तिथून आली आहे. पुढच्या वेळी पाहाल तेव्हा ती फळी आठवा.

वुडी आधी दुष्ट होता, हे खरं का?

खरं आहे. अगदी सुरुवातीच्या विचारात तर ‘टिन टॉय’मधलं पत्र्याचं खेळणंच नायक होतं आणि वुडी हा बोलक्या बाहुल्यांचे खेळ करणाऱ्याच्या मांडीवरचा बाहुला होता. पुढे तो काउबॉय झाला. पण गोष्टीला धार हवी, सगळं गोडगोड नको, असा डिस्नेकडून आग्रह होत गेला आणि वुडी दिवसेंदिवस कडवट होत गेला. तो स्लिंकीला, म्हणजे स्प्रिंगच्या अंगाच्या खेळण्यातल्या कुत्र्याला, फटकारायचा, बाकीच्यांना घालूनपाडून बोलायचा आणि बझला जाणूनबुजून खिडकीबाहेर टाकायचा.

१९ नोव्हेंबर १९९३ रोजी ही कच्ची आवृत्ती डिस्नेच्या वरिष्ठांना दाखवली. ती कोणालाच आवडली नाही, बनवणाऱ्यांनाही नाही. काम थांबवण्याचा आदेश निघाला. शुक्रवार होता. पिक्सारमध्ये त्या दिवसाला आजही काळा शुक्रवार म्हणतात. त्यांनी थोडी मुदत मागून घेतली आणि गोष्ट पुन्हा लिहायला बसले.

नव्या आवृत्तीत काय बदललं ते नीट पाहण्यासारखं आहे. वुडीला बझला फक्त टेबलामागच्या फटीत पाडायचं असतं, म्हणजे आजच्यापुरतं अँडी बाहेर जाताना आपल्याला घेऊन जाईल. तो रिमोटची गाडी बझवर सोडतो. मग टाचण्या सांडतात, पृथ्वीचा गोल घरंगळतो, टेबललॅम्प गर्रकन फिरतो आणि त्याच्या धक्क्याने बझ खिडकीतून खाली. मनात पाप होतं, पण एवढं नव्हतं. धाकट्याला हळूच चिमटा काढावा आणि तो नेमका जिन्यावरून गडगडावा, अशी वुडीची गत होते. म्हणून त्याचा राग येतो आणि त्याच वेळी कीवही येते. सिनेमाचा पहिला जाहीर खेळ झाला १९ नोव्हेंबर १९९५ ला, त्या शुक्रवारनंतर बरोबर दोन वर्षांनी.

पटकथेचं एवढं कौतुक का होतं?

मूळ पटकथेसाठी ऑस्करचं नामांकन मिळालेला हा पहिला ॲनिमेशनपट. पटकथा आणि कथा मिळून सात नावं आहेत, त्यांत अँड्र्यू स्टँटन, पीट डॉक्टर, जो रॅन्फ्ट आणि जॉस वीडनही आहेत. सात जणांनी लिहिलेलं सहसा विस्कळीत होतं. इथे एकही टाका सुटलेला नाही. एक उदाहरण देते.

शेजारचा सिड, खेळण्यांची मोडतोड करणारा मुलगा, भिंगाने ऊन एकवटून वुडीच्या कपाळाला चटका देतो. नंतर तो आगपेटीतली एक काडी वुडीच्या कमरेच्या खोळीत खोचून ठेवतो. आपण दोन्ही गोष्टी विसरतो. शेवटी सामानाच्या ट्रकमागे धावताना बझच्या पाठीला बांधलेला रॉकेट-फटाका पेटवायची वेळ येते. वुडीला काडी आठवते, मुलं ओरडतात, काडी पेटते आणि अंगावरून गेलेल्या एका गाडीच्या वाऱ्याने विझते. हॉलमध्ये त्या क्षणी टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता असते. वुडी हताश होऊन हात टेकतो. हाताला चटका बसतो. वर बघतो तर बझच्या डोक्यावरच्या पारदर्शक गोलातून ऊन एकवटलंय. भिंग! ज्या छळाने कपाळ भाजलं, त्याच युक्तीने वात पेटते. आमच्याकडे एक सात वर्षांची मुलगी इथे उभी राहून “मला माहीत होतं!” म्हणाली. तिला माहीत नव्हतं, पण तसं वाटायला लावणं हीच या लेखनाची करामत.

बझचं खेळणं असणं त्याला कळतं तो प्रसंग मुलांसाठी जड नाही का?

जड आहे, आणि म्हणूनच तो हवा. आपण खरोखरचे अंतराळवीर आहोत असं बझ मानत असतो. सिडच्या घरात टीव्हीवर त्याला स्वतःची जाहिरात दिसते. दुकानाच्या फळ्यांवर रांगेने मांडलेले बझ, आणि खाली सूचना, हे खेळणं उडत नाही. तो मनगटावरचं झाकण उघडतो. आत लिहिलेलं असतं, मेड इन तैवान. तरीही विश्वास बसत नाही म्हणून तो जिन्याच्या कठड्यावर चढतो, खिडकीतल्या आभाळाकडे बघतो आणि झेप घेतो. क्षणभर वाटतं, उडेल. तो सरळ खाली फरशीवर आपटतो आणि त्याचा एक हात निखळून बाजूला पडतो.

लहान मुलांना यातलं ‘आपण कोण’ वगैरे कळत नसेल. तुटलेला हात कळतो. मोठ्यांना दोन्ही कळतं. पुढे रात्री सिडच्या खोलीत वुडी त्याला समजावतो की त्या समोरच्या घरातल्या पोराला तू जगात भारी वाटतोस, आणि ते तू अंतराळवीर आहेस म्हणून नाही, त्याचं खेळणं आहेस म्हणून. बझ काही बोलत नाही. नंतर तो आपला पाय उचलून तळवा बघतो. तिथे अँडीने आपलं नाव लिहिलंय. वुडीच्या बुटाखालीही तेच नाव आहे, आणि त्यातलं एन हे अक्षर उलटं आहे, लिहायला नुकत्याच शिकलेल्या पोराने काढलेलं.

किती वर्षांच्या मुलाला दाखवावा? सिडची भीती वाटते का?

साधारण चार-पाच वर्षांपासून दाखवायला हरकत नाही, पण पहिल्या वेळी शेजारी बसा. सिडच्या खोलीत बाहुलीचं केस कापलेलं डोकं लोखंडी पट्ट्यांच्या पायांवर कोळ्यासारखं चालत येतं, तिथे बरीच मुलं कुशीत शिरतात. मी मुलांना एवढंच सांगते, थांब, ते वाईट नाहीत. खरंच नसतात. वुडीला वाटतं हे बझला फाडून खाणार, आणि ती मोडकी खेळणी त्याचा हात पुन्हा जोडून देतात. दुसऱ्यांदा पाहताना याच खेळण्यांना बघून मुलं खूश होतात.

सिड दुष्ट आहे का, यावर आमच्याकडे दरवर्षी वाद होतो. माझं मत मुलांच्या बाजूचं आहे: खेळण्यांना जीव असतो हे त्याला कुठे ठाऊक होतं?

यात पात्रं गाणी का म्हणत नाहीत?

कारण ती नकोत हे बनवणाऱ्यांनी ठरवून टाकलं होतं. त्या वर्षांत डिस्नेचे ॲनिमेशनपट म्हणजे संगीतिकाच असायच्या. इथे रँडी न्यूमन यांची गाणी पार्श्वभूमीला येतात, त्यांच्याच थोड्या खरखरीत आवाजात. मैत्रीचं सुरुवातीचं गाणं आता जगभर म्हटलं जातं.

आता तो जुनाट दिसत नाही का?

काही ठिकाणी दिसतो. सिडचा कुत्रा बघा, अंगावर लव नाहीच, रंगवलेल्या रबरासारखा आहे. अँडीचे केस टोपीसारखे बसलेत. पण खेळण्यांकडे बघितलं की वय जाणवत नाही. बझच्या हनुवटीवरची चमक तेव्हा बरोबर होती, आजही बरोबर आहे. नंतर आलेले कितीतरी ॲनिमेशनपट दिसायला अधिक खरे होते, तरी पाच-सात वर्षांतच शिळे वाटायला लागले, कारण त्यांना जे पूर्ण जमत नव्हतं तेच ते दाखवत होते.

शक्य असेल तर पहिल्यांदा मोठ्या पडद्यावर दाखवा. पेट्रोल पंपावर ट्रकच्या चाकाखाली येता येता वाचलेला वुडी मोबाइलवर दिसतो, पण त्या चाकाचा आकार अंगावर येत नाही.

हा सगळा खेळणी विकायचा प्रकार आहे, असं म्हणतात.

नंतर खेळणी भरपूर विकली गेली, हे खरं. पण सुरुवातीला खेळण्यांच्या कंपन्यांनाच खात्री नव्हती. मॅटेलने पहिल्या भागात बार्बी द्यायला नकार दिला, ती दुसऱ्या भागात आली. हॅसब्रोने मिस्टर पोटॅटो हेड हे बटाट्याच्या तोंडाचं खेळणं दिलं, पण जी. आय. जो या आपल्या सैनिक-बाहुल्याचा स्फोट होताना दाखवू दिला नाही, म्हणून तिथे दुसऱ्या नावाचा सैनिक आहे. १९९५ च्या नाताळात बझ आणि वुडीच्या बाहुल्या दुकानांत पुरल्या नाहीत. दुसऱ्या भागात त्यावर एक वाक्यही आहे.

स्टीव्ह जॉब्सचा याच्याशी काय संबंध?

१९८६ मध्ये त्यांनी लुकासफिल्मचा कॉम्प्युटर विभाग विकत घेतला, त्याची पिक्सार झाली. त्या विभागाचे प्रमुख एड कॅटमल आणि त्यांचे सहकारी कॉम्प्युटरवर पूर्ण सिनेमा करायचं स्वप्न त्याआधीपासून बाळगून होते. कंपनी कित्येक वर्षं तोट्यात होती, जाहिराती करून आणि यंत्रं विकून तग धरत होती. १९९१ मध्ये डिस्नेशी करार झाला. सिनेमा लागल्यावर आठवड्याभरात, २९ नोव्हेंबर १९९५ ला, पिक्सारचे शेअर बाजारात आले. २२ डॉलरचा शेअर दिवसअखेर ३९ वर गेला. २००६ मध्ये डिस्नेने पिक्सार ७४० कोटी डॉलरना विकत घेतली.

दिग्दर्शकाबद्दल नंतर जे बाहेर आलं, त्याचं काय?

सहकाऱ्यांना नकोशा वाटणाऱ्या वागणुकीवरून लॅसेटर यांनी २०१७ मध्ये रजा घेतली आणि २०१८ च्या अखेरीस डिस्ने-पिक्सार सोडलं. हे माहीत असावं. मी सिनेमा दाखवणं थांबवलं नाही, कारण तो शंभराहून जास्त लोकांच्या कष्टाचा आहे.

पुढचे भाग पाहावेत का? कोणत्या क्रमाने?

आले त्याच क्रमाने : १९९९, २०१०, २०१९. दुसरा भाग तयार होत असताना कोणाकडून तरी चुकून एक आज्ञा दिली गेली आणि त्याच्या फाइली भराभर पुसल्या जाऊ लागल्या. राखीव प्रती तपासल्या तर त्याही निकामी. त्या भागाच्या तांत्रिक प्रमुख गॅलिन सुसमन नुकत्याच आई झाल्या होत्या आणि बाळासाठी घरून काम करत होत्या, म्हणून त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर एक प्रत होती. तो कॉम्प्युटर गाडीत घालून, जपून ऑफिसात आणला. गंमत अशी की गोष्ट मनासारखी नाही म्हणून पुढे त्या भागाचं बरंचसं काम नव्याने करावं लागलं, तेही नऊ महिन्यांत.

तिसऱ्या भागात अँडी कॉलेजला निघतो. पहिला भाग लहानपणी पाहिलेली पिढी तेव्हा त्याच वयाची झाली होती. तो मुलांबरोबर पाहताना रुमाल जवळ ठेवा. चौथ्याबद्दल मतं वेगवेगळी आहेत, मला स्वतःला गोष्ट तिसऱ्यात पुरी झाली असं वाटतं.

काय काय मान मिळाले?

लॅसेटर यांना विशेष कामगिरीचं ऑस्कर. शिवाय २००५ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ठेवा म्हणून जपायच्या सिनेमांत त्याला घेतलं. त्यासाठी सिनेमा किमान दहा वर्षांचा असावा लागतो. दहा वर्षं भरताच हा यादीत गेला.

शेवट असा अर्धवट का वाटतो?

मुलं हे विचारतातच. नाताळची सकाळ असते. खाली अँडी भेटवस्तू उघडतोय, हिरवे सैनिक झाडात लपून वर खोलीत खबर पोचवताहेत आणि सगळी खेळणी श्वास रोखून बसलीत की आता नवीन कोण येणार. बझही जरा अस्वस्थ आहे. वुडी त्याला चिडवतो, तुझ्यापेक्षा वाईट अँडीला काय मिळणार? खालून भुंकण्याचा आवाज येतो. कुत्र्याचं पिल्लू. दोघं एकमेकांकडे बघतात, कसंनुसं हसतात आणि सिनेमा संपतो.